धाकट्याची गाडी आधी गार व्हायची

आमच्या आळीत एसीची गाडी पहिल्यांदा माझी आली. हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे जे सांगणार आहे त्यात मी सगळीकडे दुसऱ्या नंबरावरच दिसणार आहे, आणि मी पहिल्यापासून तसाच होतो असं कुणाला वाटायला नको.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बा गेल्यावर लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड माझ्याकडे आली होती. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, "मना न्हाय जमत ती खडखड" असं म्हणून ट्रकच्या धंद्यात शिरला होता. आवार आमचं एकच. पुढे रस्त्याला लागून बारा लूमची शेड, शेडच्या भिंतीला भिंत लावून माझं घर, आणि मागे खाडीच्या अंगाला मोकळ्यावर धाकट्याचं घर. आय माझ्याकडे राहायची. थोरल्याकडेच राहायचं असतं, त्यात कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा मी एक सेकंडहँड पांढरी गाडी घेतली आणि ठाण्याला नेऊन तिच्यात एसी बसवून आणला. त्या काळी आपल्याकडच्या गाड्यांना एसी असा मागाहूनच बसवावा लागायचा. डॅशबोर्डच्या खाली एक काळा डबा लटकायचा आणि तो पुढच्या माणसांच्या गुडघ्यांवर गार हवा सोडायचा. डोकं घामाने निथळतंय आणि गुडघे गारठलेत, अशी एकंदर तऱ्हा. पण एसी तो एसी. शेजारपाजारचे लोक येऊन डब्यापुढे हात धरून बघायचे, आणि मी दारात उभा राहून, आपल्याला त्याचं काहीच विशेष नाही असा चेहरा करायचो. आयला पुढच्या सीटवर बसवून मी वज्रेश्वरीला नेलं. गरम कुंडात अंघोळ करून ती परत आली, गाडीत बसली, आणि म्हणाली, "बाला, सरगात बसल्यावानी वाटतंय रं." ते वाक्य मी पुढे चारपाच वर्षं पुरवून पुरवून लोकांना ऐकवलं. सगळ्यात जास्त धाकट्याला ऐकवलं.

मग मानकोलीच्या बाजूला गोदामं उभी राहायला लागली. धाकट्याच्या ट्रकांना उसंत मिळेना. एक दिवस तो नवी कोरी गाडी घेऊन आवारात शिरला. एसी कंपनीतूनच बसवून आलेला. डॅशबोर्डला चार तोंडं, फिरवाल तिकडे हवा. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि "छान आहे" म्हणालो. घरी येऊन बायकोला म्हटलं, "रंग बघितलास का? अगदीच फालतू." बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय ते सांगा की सरळ." ही बाई मला लग्नापासून ओळखते, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पण खरं पोटात दुखायला लागलं ते नंतर, आयच्या आजारपणात.

आयला दम लागायला लागला होता. आधी जिने चढताना, मग चार पावलं चालताना. ठाण्याच्या एका छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुपारी तीनची वेळ. उन्हाळ्याचे दिवस, दोन वाजता घरातून निघायचं, म्हणजे गाडीची आतून भट्टी झालेली असायची. पहिल्या चारपाच वेळा मीच नेलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. आयला जिन्यापर्यंत सोडून मी परत गाडीत येऊन बसायचो, इंजिन चालू, एसी चालू. ती खाली उतरेल तेव्हा तिला गार गाडी मिळाली पाहिजे, एवढंच डोक्यात. तास तास बसायचो. रस्त्यावरचे लोक बघायचे, हा काय वेडा आहे म्हणून. बघू देत. आपल्या आयसाठी करतोय.

आणि एका बुधवारी आय चहा पिता पिता म्हणाली, "उद्याला मी धाकट्यासंगं जाते. तुझ्या गाडीत मना गार व्हत न्हाय."

बस्स. एवढंच. कपबशी खाली ठेवली आणि माळ घेऊन जपत बसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हीच बाई सरगात बसल्यावानी म्हणाली होती. आता धाकट्याचा सरग मोठा झाला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी खिडकीच्या आड उभा राहून बघितलं. धाकट्याने हात धरून तिला पुढे बसवलं, पदर दारात अडकत नाही ना ते बघितलं, आणि गेला. त्या दिवशी शेडमध्ये मी चार माणसांवर ओरडलो. त्यांची काही चूक नव्हती.

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. माझी गाडी धाकट्याच्या गाडीआधी गार झाली पाहिजे आणि आय परत माझ्या बाजूच्या सीटवर बसली पाहिजे. लोकांना वाटेल, चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि हे काय. वाटू दे. मला रात्रंदिवस तेच दिसत होतं.

मशीनचं मला कुणी सांगायचं नाही. बारा लूम मी स्वतः उघडून स्वतः लावायचो, त्यामुळे गाडीचा एवढासा डबा म्हणजे काय. पहिलं काम मी सावलीचं केलं. आमच्या आवारात दुपारी सावली एकाच जागी पडते, शेडच्या पूर्वेच्या भिंतीला. तिथे मी सकाळीच गाडी लावून ठेवायला लागलो. आतली हवा तापून कोंडू नये म्हणून चारही काचा चार बोटं खाली. वर भिंतीत शेडचे एक्झॉस्टचे पंखे होते, त्यांचा वाराही गाडीला मिळायचा. धाकट्याची गाडी मात्र मागे रणरणत्या उन्हात उभी. मला हसू यायचं. म्हटलं, पैसा आला म्हणून अक्कल येते असं नाही.

धाकटा ट्रकांमागे बाहेरगावी गेला की आय माझ्या वाट्याला यायची. तशी पहिली पाळी आली तेव्हा मी अर्धा तास आधी इंजिन चालू करून, काचा वर घेऊन, एसी लावून ठेवला. बायको ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "गाडीच जाऊन येनार का ठान्याला एकटी?" आय येऊन बसली. डब्यातून हवा येत होती, गारही होती, पण कशी, तर कुणीतरी कंटाळून फुंकर मारावी तशी. काल्हेर मागे पडेपर्यंत आयला खोकला लागला. "गार वाटतंय का?" मी विचारलं. तिने मान हलवली. ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. ठाणं येईपर्यंत मी आणखी चार वेळा विचारलं.

मग मी अंजूर फाट्याजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. एसीचं काम करणारा तो एकच होता तेव्हा. त्याने प्रेशरचं घड्याळ लावून गॅस बघितला आणि म्हणाला, "सेठ, गैस तो पूरा है. खोल के देखना पडेगा." मी म्हटलं, "खोलायला काय झालंय? तू गॅस भर." तो म्हणाला, "भरे हुए में क्या भरूँ?" मला राग आला. धाकट्याच्या गाडीची सर्विसिंग हाच करतो हे मला ठाऊक होतं, आणि मला उगाच वाटलं की हा मुद्दाम करतोय. मी गाडी काढली आणि निघून आलो.

पुढची अक्कल माझी स्वतःची, लूमवाल्याची. आमच्या धंद्यात उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं आणि फटाफट तुटतं. म्हणून आम्ही शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतो, ओली पोती टाकतो. हवा ओली झाली की सूत तुटत नाही आणि माणसालाही गार वाटतं. बारा लूमला जे चालतं ते एका गाडीला का चालू नये? पुढच्या वेळी धाकटा नाशकाला होता. मी लूमवरचं कोरं कापड ओलं करून सगळ्या सीटांवर पसरलं, पायाखाली ओली पोती घातली, आणि काचा लावून तासभर गाडी तशीच ठेवली. दार उघडलं तेव्हा खरंच गार वाटलं. मी खूश. कापडं काढली, आयला बसवलं, एसी लावला. फर्लांगभर गेलो नाही तोच समोरची काच आतून धुरकट झाली. मी एका हाताने पुसतोय, एका हाताने चालवतोय. काळा डबा घाम फुटल्यासारखा ठिबकायला लागला, आयचे पाय ओले. गार व्हायचं सोडून गाडीत नुसतं दमट, कोंदट झालं. आता कळतं की एसीची सगळी ताकद ते पाणी सुकवण्यातच जात होती. तेव्हा नाही कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आय खोकतेय, आणि धाकट्याच्या गाडीत ती खोकत नाही.

हो, हे मी बघितलं होतं. सांगायला लाज वाटते, पण एकदा मी स्कूटर घेऊन त्यांच्या मागोमाग गेलो होतो. सुताच्या व्यापाऱ्याकडे जातो असं घरी सांगून. त्याची गाडी एवढी लवकर गार होते कशी, ते मला बघायचंच होतं.

तर धाकट्याची रीत अशी. आधी गाडीचे चारही दरवाजे सताड उघडायचे. मग एका बाजूची काच खाली करून समोरच्या बाजूचा दरवाजा पाचसहा वेळा उघडझाप करायचा, सुपाने पाखडावं तसा, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर जाते. मग आयला बसवायचं आणि सगळ्या काचा उघड्या ठेवूनच निघायचं. एसी चालू, पण काचा उघड्या. अंजूर फाटा आला की काचा वर, बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद, पंखा फुल. कशेळी येईपर्यंत पंखा दोन नंबर खाली. मी कधी मागून, कधी बाजूने सगळं बघत होतो, त्याचा हात डॅशबोर्डवर कुठे जातो त्यावरून अंदाज बांधत. आणि हेही बघत होतो की आय सबंध वेळ त्याच्याकडे मान वळवून बोलतेय. हातवारे करून. माझ्या गाडीत ती समोर बघत बसायची. मी पुलाच्या अलीकडूनच स्कूटर वळवली.

शिकलो मात्र सगळं. आता फक्त धाकटा बाहेरगावी जायची वाट होती.

तो गुरुवार आला, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातला. सकाळपासून अंगाची लाही होत होती. मी गाडी सावलीत ठेवली होतीच. पावणेदोनला चारही दरवाजे उघडले. एक काच खाली केली आणि समोरचा दरवाजा दहा वेळा उघडझाप केला, धाकट्यापेक्षा चार जास्त. शेडमधली दोन माणसं दारात येऊन बघायला लागली, त्यांना आत हाकललं. आयला बसवलं. काचा उघड्या ठेवून अंजूर फाट्यापर्यंत गेलो. तिथे काचा वर घेतल्या, पंखा फुल केला आणि तिच्याकडे बघितलं.

पंखा फुल केल्याबरोबर डब्यातून घरघर आवाज आला आणि आयला खोकला लागला. साधा नाही. थांबेचना. "बंद कर," ती म्हणाली. मी म्हटलं, "दोन मिनिटं थांब आय, आता होतंय गार." तिने डब्यापुढे पदर धरला. "बंद कर रं." मी म्हटलं, "धाकट्याचीपण कशेळीलाच गार होते. थांब की जरा." मला दिसत होतं की तिला त्रास होतोय. मला दिसत होतं, आणि तरी मी बंद केलं नाही, कारण आता गार होईल, आता होईल, आणि ती म्हणेल. काय म्हणेल ते मी मनात ऐकत होतो. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

कशेळीच्या पुलाच्या अलीकडे आयने स्वतःच दाराचा खटका ओढला. मी घाबरून ब्रेक मारला. ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली. डोक्यावर ऊन, ट्रक जातायत, धूळ उडतेय, आणि ती तिथे उभी राहून श्वास घेतेय. थोड्या वेळाने तिने हात वर करून रिक्षा थांबवली.

"तू ये मागनं," ती मला म्हणाली. "मी जाते रिक्षानं."

रिक्षा. दोन्ही बाजूंनी गरम वारा घुसणारी, तापलेल्या टपाची रिक्षा. मी पूल ओलांडून ठाण्यापर्यंत त्या रिक्षाच्या मागे माझी एसीची गाडी चालवत गेलो. मागच्या खिडकीतून आयचं डोकं दिसत होतं. आता ती खोकत नव्हती. पुढे वाकून रिक्षावाल्याशी काहीतरी बोलतही होती. धाकट्याचा हेवा एक वेळ समजू शकतो, तो भाऊ आहे. पण त्या दिवशी मी त्या रिक्षावाल्याचा हेवा केला. इतका हलकट हेवा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

परत येताना ती माझ्या गाडीत बसली, पण मागे. एसी बंद, काचा खाली. सबंध रस्ता एक शब्द नाही. तिला काही होत नव्हतं, छान बसली होती. मी मनात म्हटलं, म्हणजे गार लागत नाही हे सगळं नाटक आहे. हिला गार नकोच आहे. हिला मी नकोय.

घरी तिला उतरवलं आणि तसाच मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, "खोल. पूर्ण खोल. एक एक स्क्रू काढ. माझ्यासमोर."

त्याने आधी पुढची जाळी काढली. रेडिएटरच्या पुढे एसीची जी जाळी असते, जिच्यातून गरमी बाहेर टाकली जाते, ती. ती दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या रंगाचा थर बसला होता. मिस्त्रीने बोट घातलं आणि तो थर एकसंध निघून आला. मग त्याने डॅशबोर्डखालचा डबा सोडवला आणि पंख्यामागचं झाकण काढलं. आत हात घालून तो ओढायला लागला आणि ओढतच राहिला. कापसाचं तूस. सुतातून उडणारं, लूमच्या शेडमध्ये हवेत तरंगत असतं ते. ओलं होऊन, वाळून, पुन्हा ओलं होऊन त्याचा नमदा झाला होता.

"सेठ," मिस्त्री म्हणाला, "इसमें तो पूरी रजाई है."

त्याने मला नीट समजावलं. गाडी कुठे लावता विचारलं. मी सांगितलं, सावलीत, शेडच्या भिंतीला, काचा थोड्या खाली ठेवून. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, वरचे पंखे शेडमधलं तूस बाहेर फेकतात, ते दिवसभर तुमच्या गाडीत पडतं. एसी लावला की डबा गाडीतलीच हवा ओढतो आणि तूस आत जाऊन बसतं. त्यातून हवाच जात नाही तर गार काय होणार? आणि पंखा फुल केला की जे सुटं असतं ते सगळं समोरच्याच्या तोंडावर.

समोरच्याच्या तोंडावर. मी तिथे पडलेल्या टायरवर बसलो.

धाकटा दुसऱ्या दिवशी नाशकावरून आला तेव्हा मी त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तो गाडी पुसत होता. मी विचारलं, "आयला डॉक्टरनं काय सांगितलंय?"

त्याने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "दादा, आयनं शपथ घातलीय तुला सांगायचं न्हाय म्हणून."

"सांग."

"तुसानं झालंय. छातीत तूस बसलंय. डॉक्टर म्हनतात, लूमपासनं लांब ठेवा."

आमची आय लग्न होऊन आली तेव्हापासून कांड्या भरत होती. लूमच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती. बा लूम चालवायचा आणि ती शेडच्या कोपऱ्यात बसून कांड्या भरायची. तीसेक वर्षं. आम्ही दोघं भाऊ त्याच कोपऱ्यात तिच्या मांडीवर झोपलो. आणि ही गोष्ट धाकट्याला ठाऊक होती, कारण तो आयबरोबर जिना चढून वर जायचा, डॉक्टरसमोर बसायचा, विचारायचा. मी खाली गाडी गार करत बसलेला असायचो.

मधल्या थंडीत तिने आपलं अंथरूण धाकट्याकडे हलवलं होतं, "तिकडं वारा बरा येतो" म्हणून. तेव्हाही मी आठ दिवस फुरंगटून बसलो होतो. तूस नको म्हणाली असती तर मला लागलं असतं. गार होत नाही म्हणाली, तर माझ्या गाडीला लागलं. केवढा विचार करून बोलत होती ती माझ्याशी. आणि धाकट्याशी काहीच विचार न करता.

हे कळल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. माणूस बरा असता तर झाला असता. माझा वाढला. गाडी त्याची चांगली, हे मी पचवलं असतं. पण आयचं दुखणं त्याच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ फक्त गॅस, पंखा आणि जाळी.

पंधरा दिवसांनी, पुढच्या पाळीच्या गुरुवारी धाकटा घरीच होता. मी त्याला म्हटलं, "आज मी नेतो." तो बाजूला झाला. गाडी मी दोन दिवस आधीच शेडपासून लांब, त्याच्या गाडीशेजारी उन्हात लावली होती, काचा घट्ट बंद करून. मिस्त्रीने आतून बाहेरून सगळं धुऊन दिलं होतं. मी अंघोळ केली, कपाटातला धुतलेला सदरा काढला, शेडमध्ये पाऊल न टाकता मागच्या दाराने बाहेर आलो. दरवाजे उघडले, गरम हवा बाहेर काढली, आयला पुढे बसवलं. ती बसली. काचा उघड्या ठेवून अंजूर फाट्यापर्यंत गेलो, मग वर घेतल्या.

काल्हेर यायच्या आत गाडी गार झाली. कशेळी नाही, काल्हेर. मला पंखा कमी करावा लागला. आय खोकली नाही. तिने पदर मानेभोवती ओढून घेतला आणि डोळे मिटले. एवढ्यासाठी मी दोन उन्हाळे जळत होतो, आणि ते माझ्या बाजूच्या सीटवर बसलेलं होतं.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस आय?"

तिने डोळे उघडले नाहीत. "काय?"

"तुसाचं."

तिने डोळे उघडले. मग तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजी काय करू विचारावं तशी, "सांगितलं असतं, तं लूम बंद केलं असतंस?"

बारा लूम. बाने एक एक करून उभे केलेले. त्यावर माझं घर, पोरांच्या शाळा, शेडमधल्या माणसांच्या चुली. मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आयशी खोटं बोलायला जीभ वळेना आणि खरं बोलायला छाती होईना. कशेळीचा पूल आला, पूल संपला.

"म्हनून न्हाय सांगितलं," आय म्हणाली.

मग थोड्या वेळाने, काचेबाहेर बघत, जणू माझी समजूत घालायला म्हणाली, "धाकट्याला इचारलं व्हतं मी. दादाच्या जागी तू असतास तं काय केलं असतंस म्हनून. तो म्हनाला, दुसऱ्या दिशी लूम इकले असते."

मला लगेच तोंडावर आलं होतं, त्याचं काय जातंय म्हणायला, त्याचे कुठे लूम आहेत. आलं होतं, ते गिळलं. त्या दिवशी मी जिना चढून तिच्याबरोबर वर गेलो आणि डॉक्टरसमोर बसलो. गाडी खाली उन्हात तापत राहिली.

त्यानंतर आय दोन वर्षं होती. कधी त्याच्या गाडीतून गेली, कधी माझ्या. दोन्ही सारख्याच गार व्हायच्या. धाकटा खरं बोलला होता की आयचं मन राखायला बोलला होता, ते मी त्याला कधी विचारलं नाही. पण तिने विचारलं आणि त्याला ते म्हणता आलं, त्याचा मला अजून हेवा वाटतो. मी लूम विकले ते आय गेल्यावर चार वर्षांनी, मंदी आली म्हणून.